बाळ अंगावर पीत नाही, म्हणजे टंग-टायच आहे का? नांदगावसारख्या तालुक्यात हे ओळखायचं कुणी?

नुकतीच आई झालेल्या बाईच्या फोनवर हे रील एकदा तरी येतंच. हातमोजा घातलेलं बोट, रडणाऱ्या बाळाची वर उचललेली जीभ, तिच्याखाली ताणलेला पातळ पडदा आणि मग लेझरचा एक बारीक ठिपका. अर्ध्या मिनिटात प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खाली कॉमेंट्समध्ये आया विचारत असतात: माझं बाळ तासन्तास पितं, तरी रडतं. त्यालाही हेच असेल का?

हे रील पाहणारी बाई पुण्या-मुंबईत असेल, तर संध्याकाळपर्यंत एखाद्या क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळवू शकते. तीच बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी नांदगावला आली असेल, तर गोष्ट वेगळी होते. घरात आजी सांगते की दूध पुरत नाही, वरचं चालू कर. शेजारीण सांगते की जीभ जड आहे, मोठं झालं की सुटेल. आणि फोन सांगतो, कापून घ्या.

तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. बाळ पिताना त्याच्याकडे नीट पाहिलं कुणी?

टंग-टाय म्हणजे नेमकं काय?

जीभ वर उचलून आरशात पाहिलं, तर जिभेच्या खालून तोंडाच्या तळाकडे गेलेली एक घडी दिसते. ती प्रत्येकाला असते. काहींमध्ये ती जन्मतः आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकाच्या अगदी जवळ जोडलेली असते. त्यामुळे जीभ वर उचलली जात नाही किंवा हिरडीच्या पुढे येत नाही. याला टंग-टाय म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'अँकिलोग्लोसिया' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे 'जीभ चिकटलेली आहे' असं म्हणतात, आणि ते वर्णन तसं चुकीचं नाही.

न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये या भागाची बारकाईने रचना तपासली. तोवर ही घडी म्हणजे एक दोरी किंवा पट्टी आहे असं धरून चालायचे. प्रत्यक्षात तो तोंडाच्या तळावरच्या आवरणाचाच वर ओढला जाणारा भाग निघाला. जीभ उचलली की तंबूचं कापड मधल्या खांबावर उचलावं तशी घडी तयार होते. म्हणजे ती नुसती दिसते म्हणून आजार ठरत नाही.

किती बाळांना टंग-टाय असतो, याचे आकडे व्याख्येनुसार बदलतात. बहुतेक अभ्यास ४ ते १० टक्क्यांच्या दरम्यान येतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त असतं, आणि काही घरांत वडील किंवा काकांनाही तसंच असल्याचं आढळतं. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण बाळाच्या अंगात काहीही वेगळं दिसलं की बोट पहिल्यांदा आईकडेच जातं.

दिसणं वेगळं, अडणं वेगळं

अंगावर पिताना बाळ नुसतं ओठांनी चोखत नाही. ते तोंड मोठं उघडून निपलभोवतीचा काळसर भाग आत घेतं, जीभ खालच्या हिरडीवर पुढे आणतं आणि जिभेची लाटेसारखी हालचाल करून दूध ओढतं. जीभ पुढे येत नसेल, तर बाळ हिरडीने निपल चावतं. दूध कमी येतं, आईला वेदना होतात.

खरा अडथळा असेल तर खुणा दोघांकडेही दिसतात. बाळ पुन्हा पुन्हा सुटतं, पिताना चटचट आवाज येतो, पाऊण तास पिऊनही भूक भागत नाही, वजन भरत नाही. आईची निपल सोलवटते, बाळाने सोडल्यावर ती लिपस्टिकच्या टोकासारखी एका बाजूने चपटी दिसते, छाती दुधाने दगडासारखी होते, कधी गाठ होऊन ताप येतो. जीभ बाहेर काढताना टोकाला खाच पडून बदामासारखा आकार दिसणं, ही सगळ्यांना माहीत असलेली खूण आहे. पण अशी खाच असलेली कित्येक बाळं छान पितात आणि गुटगुटीत होतात. त्यांना काहीही करायची गरज नसते.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल इथं तयार झालेली एक सोपी मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात चारच गोष्टी पाहतात: जिभेच्या टोकाचा आकार, घडी हिरडीला कुठे जोडली आहे, रडताना जीभ किती वर जाते आणि ती किती पुढे येते. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. तीन किंवा त्याहून कमी गुण आले, तर जिभेची हालचाल बरीच अडलेली आहे असं मानतात. यासाठी ना मशीन लागतं, ना फोटो. प्रशिक्षित नर्स पाळण्याशेजारी उभी राहून हे करू शकते.

पण नुसते गुणही पुरेसे नाहीत. बाळाला छातीशी धरून, ते पिताना पाहावंच लागतं. अंगावर न पिण्याची कारणं ढीगभर असतात. बाळ नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेलं असतं, काविळीने सुस्त असतं, सिझेरियननंतर आईला नीट बसता येत नाही, पहिल्या दिवशीच बाटली दिलेली असते. आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे बाळाला धरण्याची पद्धत चुकलेली असते. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला: एवढं जमलं की अनेकींचा प्रश्न तिथेच मिटतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे धरणं टप्प्याटप्प्याने दाखवणारे व्हिडिओ मराठीतही केलेत आणि ते फुकट आहेत. लेझरच्या रीलइतके ते फिरत नाहीत, हे मात्र खरं.

कापण्याची लाट कुठून आली?

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींनुसार १९९७ मध्ये टंग-टायचं निदान झालेली बाळं ४ हजारांच्या आत होती. २०१२ मध्ये हा आकडा ३२ हजारांच्या पुढे गेला. कापण्याची प्रक्रिया याच काळात जवळपास १,३०० वरून १२ हजारांच्या वर पोहोचली. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत. अंगावर पाजण्यावर पुन्हा भर आला, म्हणून तपासण्या वाढल्या, हे एक कारण, आणि ते चांगलंच आहे. दुसरं कारण बाजाराचं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या व्यवसायावर मोठी शोधबातमी केली. गरज नसताना केलेल्या प्रक्रिया, नंतर पिणंच सोडलेली बाळं आणि सल्लागार-डॉक्टरांमधले आर्थिक हितसंबंध त्यातून बाहेर आले.

बोस्टनमधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष जास्त बोलका आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टंग-टाय कापण्यासाठी पाठवलेली ११५ बाळं होती. कापण्याआधी वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून त्यांचं पिणं तपासलं, आयांना मदत केली. जवळपास ६३ टक्के बाळांना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच नाही.

मग कापण्याचा फायदा होतो की नाही? होतो, पण रीलमध्ये दाखवतात तितका सरसकट नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये पाच चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात मिळून ३०२ बाळं होती. आईच्या वेदना काही काळ कमी झाल्याचं दिसलं. बाळाच्या पिण्यात सातत्याने सुधारणा दिसली असं मात्र म्हणता आलं नाही. ब्रिटनमधल्या १६९ बाळांच्या नंतरच्या चाचणीत तीन महिन्यांनी आईचं दूध मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं होतं, ८८ आणि ८६ टक्के. इथं एक मेख आहे. न कापायच्या गटातल्या बहुतेक बाळांचीही पुढे जीभ मोकळी करून घेतली गेली होती. त्यामुळे या चाचणीवरून कापणं निरुपयोगी आहे, असं म्हणणंही घाईचं ठरेल.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये आपली भूमिका मांडली. टंग-टाय असलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना पिताना अडचण येते. आधी धरण्या-पाजण्यात मदत करा, इतर कारणं तपासा, तरीही अडत असेल तर कापण्याचा विचार करा. साध्या कात्रीपेक्षा लेझर चांगला असल्याचा पुरावा नाही. नंतर दिवसातून अनेकदा जखम ताणण्याचे व्यायाम करायला सांगतात, त्याचीही शिफारस त्यांनी केलेली नाही. क्लिनिकच्या जाहिरातींत 'पोस्टेरियर टंग-टाय' आणि 'लिप-टाय' हे शब्द हमखास दिसतात. पहिल्याची नीट व्याख्याच नाही, आणि वरच्या ओठाखालची घडी बहुतेक बाळांना असतेच.

ब्राझीलने याच्या उलट टोकाला जाऊन २०१४ मध्ये कायदाच केला. तिथे प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या जिभेखालची घडी तपासणं सक्तीचं आहे. सगळ्यांची तपासणी केल्याने निदान वाढतं, पण आयांचा त्रास किती कमी होतो यावर तिथल्या आणि बाहेरच्या डॉक्टरांत मतभेद आहेत.

कोझिकोडमध्ये काय घडलं होतं?

आपल्याकडे टंग-टाय हा शब्द राष्ट्रीय बातम्यांत आला तो मे २०२४ मध्ये, आणि भलत्याच कारणाने. केरळमधल्या कोझिकोड सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षांची एक मुलगी हाताचं सहावं बोट काढण्यासाठी आली होती. ऑपरेशन थिएटरमधून ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात कापूस होता. बोट जागेवर होतं, शस्त्रक्रिया जिभेवर झाली होती. तिला टंग-टाय असल्याचं लक्षात आल्याने ती केली, अशी बाजू मांडली गेली. आरोग्यमंत्र्यांनी चौकशी लावली आणि संबंधित डॉक्टरला निलंबित केलं.

तिची जीभ खरंच अडत होती की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. आई-वडिलांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रक्रिया किरकोळ असते, म्हणून संमती किरकोळ होत नाही. 'एक छोटासा कट द्यायचाय' असं म्हणून कुणी बाळाला आत नेत असेल, तर का, आता न केल्यास काय होईल आणि आधी दुसरं काय करून पाहता येईल, हे विचारायचा आई-वडिलांना पूर्ण हक्क आहे.

नांदगावात बाळाला पाहतं कोण?

नांदगाव हे मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. मनमाड याच तालुक्यात येतं. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढचे उपचार लागले, तर मनमाड किंवा मालेगाव, आणि मोठं काही असेल तर सुमारे शंभर किलोमीटरवरचं नाशिकचं सिव्हिल. दोन आठवड्यांच्या बाळाला घेऊन बाळंतिणीने हा प्रवास फक्त 'जरा जीभ दाखवून येऊ' म्हणून करावा, हे घरच्यांना सहज पटत नाही.

साधी बाळंतीण साधारण दोन दिवसांत घरी जाते. दूध भरून येतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे पिण्याची खरी अडचण कळते ती दवाखान्यातून सुटी झाल्यावर, घरी. तिथे पहिली पोहोचते ती आशाताई. सरकारी कार्यक्रमानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्याकडे वजनकाटा असतो, आणि बाळाला पाजताना पाहणं तिच्या प्रशिक्षणात येतं. या विषयात तालुक्याकडे असलेलं सगळ्यात उपयोगी साधन हेच आहे. फक्त ती भेट सगळ्या नोंदी भरण्याच्या घाईत उरकायला नको.

वजनाचा हिशोब सोपा आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ते १० टक्क्यांपर्यंत जात असेल, तर लगेच लक्ष द्यायला हवं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत यायला हवं, आणि त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट ओलं झालं पाहिजे. हे सगळं नीट चाललं असेल आणि आईला दुखत नसेल, तर जिभेखाली पडदा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. वजन थांबलं असेल, तर आशाताईमार्फत ग्रामीण रुग्णालय गाठायला उशीर करू नये. आधी नीट पिणारं बाळ अचानक प्यायचं थांबलं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर तो जिभेचा विषय नाही. त्याच दिवशी, त्याच तासात दवाखाना.

आता यंत्रणेतलं छिद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातूनच, पालघरहून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून मोफत उपचारांपर्यंत नेणं हा त्याचा हेतू. त्याच्या यादीत जन्मजात व्यंगं आहेत: दुभंगलेला ओठ-टाळू, वाकडी पावलं, हृदयाचे दोष, जन्मजात बहिरेपणा. टंग-टायचं वेगळं नाव त्यात नाही. तो जिवावर बेतणारा नसतो, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण यादीत नाव नसलं की फॉर्मवर रकाना नसतो, आणि रकाना नसला की शोधायची सवय लागत नाही. ब्राझीलसारखी सक्ती नकोच. प्रसूती कक्षातल्या सिस्टरला आणि आशाताईला ती चार गुणांची मोजपट्टी शिकवणं, आणि पिण्याची अडचण असलेल्या बाळांसाठीच ती वापरणं, एवढं मात्र जास्त खर्च न करता होण्यासारखं आहे.

अजून एक अडचण खास आपल्या रिवाजाची आहे. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण सासरी जायच्या तयारीला लागतात. आशाताईच्या भेटीही बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपासच संपतात. माहेरच्या ताईला बाळाचा इतिहास माहीत, सासरच्या ताईला शून्य. निघताना माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या सगळ्या नोंदी आहेत ना, पाहून घेतलं तर पुढच्या डॉक्टरला सुरुवात करायला काहीतरी हाती लागतं.

वरच्या दुधाचा सोपा वाटणारा रस्ता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिन्यांखालील सुमारे ७१ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत असल्याचं दिसलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. वाढ चांगली आहे. तरी उरलेल्या बाळांच्या घरी पाणी, पावडर, गाईचं दूध किंवा मध यातलं काहीतरी शिरलेलंच आहे. (मध एक वर्षापर्यंत चाटवूच नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.)

टंग-टाय असलेलं बाळ बाटलीने बऱ्याचदा पितं, कारण बाटलीतून दूध सहज येतं. मग घरचे निष्कर्ष काढतात की बाळ ठीक आहे, दोष आईच्या दुधात आहे. ओढणं कमी झालं की छातीतलं दूधही कमी होतं आणि हा निष्कर्ष स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो. टंचाई ज्या तालुक्याच्या पाचवीला पुजलेली आहे, तिथे प्रत्येक वेळी बाटली उकळून, शुद्ध पाण्यात पावडर कालवणं किती घरांना जमेल? पातळ कालवलेलं दूध आणि जुलाब, हा पुढचा प्रवास ठरलेला. बाळाला अंगावर पिता येत नसेल, तोवर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं. त्याने आईचं दूध टिकतं आणि तपासणीला वेळ मिळतो. पावडरीची खरंच गरज पडली, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, मापात.

कापायचं ठरलंच तर?

पहिल्या काही महिन्यांत हे काम काही सेकंदांचं असतं. बाळाला कापडात गुंडाळून, डोकं धरून, बोथट टोकाच्या कात्रीने ती घडी सोडवतात. सहसा पूर्ण भूल लागत नाही. रक्ताचे एक-दोन थेंब येतात आणि बाळाला लगेच छातीशी लावतात. नंतर काही दिवस जिभेखाली पांढरा चट्टा दिसतो. तो पू नव्हे, भरत आलेली जखम असते. बाळ मोठं झालं, दात आले की मात्र भूल द्यावी लागते, म्हणून खरी गरज असलेल्या बाळाला 'मोठं झालं की सुटेल' म्हणत ताटकळत ठेवण्यातही तोटा आहे.

धोके कमी असले तरी आहेत: रक्त न थांबणं, जंतुसंसर्ग, घडी पुन्हा जुळणं, जवळच्या लाळग्रंथीच्या नळीला इजा. म्हणून आधी दोन गोष्टी सांगायच्या: बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, आणि घरात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार आहे का. हे काम बालशल्यचिकित्सक, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा लहान मुलांचं काम करणारे दंतवैद्य करतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे खासगी पॅकेजचे पैसे भरण्याआधी मालेगाव किंवा नाशिकच्या सरकारी रुग्णालयात विचारणा करायला हरकत नाही. आणि नख, ब्लेड, दोरा असले घरगुती प्रयोग अजिबात नकोत.

मूल बोलत नाही, म्हणून जीभ कापावी का?

हा प्रश्न बाळ दोन वर्षांचं झालं की येतो. बाळगुटीत वेखंड उगाळताना त्याने जीभ सुटते, वाणी स्वच्छ होते, असं घरोघरी सांगतात. त्याच समजुतीचं नवं रूप म्हणजे 'उशिरा बोलतोय, टंग-टाय असेल'.

टंग-टायमुळे मूल उशिरा बोलायला लागतं, याला भक्कम पुरावा नाही. काही मुलांना ठरावीक उच्चार जड जाऊ शकतात, विशेषतः जिभेचं टोक वर न्यावं लागणारे. मराठीत असे उच्चार भरपूर: ट, ड, ण, ल, र आणि आपला ळ. पण तीन वर्षांचं मूल 'बाळ'ला 'बाल' म्हणतं, ते बहुतेक वेळा वयामुळे. ळ आणि र उशिरा येणारेच आवाज आहेत. अशा वेळी आधी स्पीच थेरपिस्टने मूल बोलताना ऐकायला हवं, जिभेकडे नंतर पाहता येतं.

जे मूल शब्दच बोलत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, त्याची जीभ नव्हे, कान आधी तपासायचे. बहिरेपणा लवकर सापडला तर श्रवणयंत्राचा किंवा कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग होतो, आणि तिथे वर्ष-सहा महिने वाया जाणं फार महागात पडतं. ती तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाला त्यासाठी थेट सांगता येतं.